सौद्याआधीचे कारण

दिवाळीच्या चार दिवसांत लक्ष्मीची आणि आपली गाठ मोठ्या चमत्कारिक रीतीने पडते. अमावास्येच्या संध्याकाळी व्यापारी नवी वही पाटावर ठेवतो, तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक रेखतो, लाह्या-बत्तासे वाहतो. आणि दुसरा दिवस उजाडतो तो बलिप्रतिपदेचा, जिला द्यूतप्रतिपदा असेही जुने नाव आहे. त्या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळली, म्हणून माणसांनीही खेळावे, असे सांगतात. एका रात्रीच्या अंतराने वही आणि फासे! हा क्रम ज्यांनी लावला त्यांना पैशाचा स्वभाव चांगलाच ठाऊक असला पाहिजे. मुंबईच्या शेअरबाजाराने १९५७ सालापासून दिवाळीच्या दिवशी मुहूर्ताचे सौदे सुरू केले. त्या तासाभरात तर हातात वही आहे की फासा, हे ज्याचे त्यालाही सांगता येत नसेल.

आमच्या मराठवाड्यात पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता. नांदेडच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या आडत बाजारात माल डोळ्यांनी दिसे, हाताला लागे. शेअर ही मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांनी जेवताना बोलायची गोष्ट. पण १९९६ पासून शेअरचे कागद जाऊन त्यांची नोंद संगणकाच्या वहीत होऊ लागली, पुढे मोबाईल खिशात आला, आणि आता आडत दुकानाच्या गादीवर, शिक्षकांच्या खोलीत, एसटीच्या बाकावरसुद्धा शेअर कसा निवडावा याची चर्चा चालते. तीत हटकून दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, धंदा बघा, ताळेबंद वाचा. दुसरा म्हणतो, भावाचा आलेख बघा, बाकी सारे त्यात आलेच. इंग्रजी नावांनी हे फंडामेंटलवाले आणि टेक्निकलवाले. शैव-वैष्णवांइतकेच ते एकमेकांना मानतात.

माझ्या नशिबाने दोन्ही पक्ष मला घरातच लाभले आहेत. लातूरचे मामा, बँकेतून निवृत्त होऊन वीस वर्षे झाली, ते ताळेबंदवाले. आणि नांदेडचे साडू आलेखवाले. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एसटी एका गावाहून दुसऱ्या गावी नेते तेव्हा आपण एका धर्मातून दुसऱ्या धर्मात चाललो आहोत असे मला वाटते.

मामांची रीत धान्य घेणाऱ्याची आहे. सोयाबीनचे पोते उघडले की खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेतो, काडीकचरा फुंकतो, डागी दाणे बाजूला सारतो आणि एक दाणा दाताखाली धरतो. ओलावा किती ते दातच सांगतो. मामा कंपनीला असाच दात लावतात. भाव ४०० रुपये आणि वर्षाची कमाई शेअरमागे २० रुपये असेल, तर आपण वीस वर्षांची कमाई आज मोजून देत आहोत. ती वीस वर्षे टिकेल असे या धंद्यात काय आहे? नफा वहीत दिसतो आहे, पण रोकड घरात येते आहे की नुसती उधारीच फुगते आहे? कर्ज किती? मालकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकले आहेत का? ‘गिऱ्हाईक उसनवारीवर माल नेतं आणि दुकानदार नफा झाला म्हणून पेढे वाटतो,’ असे मामा म्हणतात, तेव्हा त्यांच्यापुढे एखादी मोठी कंपनी असते आणि मला मात्र आमच्या गल्लीतले किराणा दुकान दिसते. या शास्त्राचा पाया अमेरिकेत बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ साली ग्रंथ लिहून घातला, १९२९च्या पडझडीत ग्रॅहम स्वतः पोळल्यानंतर. मुद्दा एवढाच की वस्तूला तिचे म्हणून एक मोल असते, भाव त्याच्या मागेपुढे हिंडतो, आणि मोलापेक्षा भाव पुरेसा खाली असेल तेव्हाच हात घालावा.

साडूंचे म्हणणे निराळे. कंपनीविषयी जे कोणाला म्हणून ठाऊक आहे ते खरेदी-विक्रीत उतरते, आणि खरेदी-विक्री भावात उतरते. मग भावच का वाचू नये? त्यांच्या पडद्यावर प्रत्येक दिवसाची एक मेणबत्ती असते. बाजार कुठे उघडला, कुठे मिटला ते तिच्या अंगावरून कळते. किती वर गेला, किती खाली आला ते वातींवरून. हे मेणबत्त्यांचे तंत्र जपानातल्या तांदळाच्या व्यापारातून आले असे मानतात. ओसाका शहरातल्या दोजिमा बाजारात गोदामातल्या तांदळाच्या पावत्यांचे सौदे होत आणि १७३० साली तिथल्या राज्यकर्त्यांनी त्यांना रीतसर मान्यता दिली. म्हणजे पाहा, ज्या विद्येला आपण मुंबई-न्यूयॉर्कची समजतो तिचे माहेर धान्याच्या बाजारात निघाले. लातूरचा आडत्या तिला दलाल स्ट्रीटपेक्षा जवळचा! साडूंना मी हे सांगितले तेव्हा ते फार खूश झाले. एरवी ते माझे काही ऐकत नाहीत.

आलेखाची थट्टा करणे सोपे आहे, आणि ताळेबंदवाले ती नेहमी करतात. मला ती पटत नाही. आलेख हा माणसांच्या आठवणीचा नकाशा असतो. एखाद्या भावाशी येऊन शेअर पुन्हा पुन्हा अडतो, याचे कारण तिथे पूर्वी अडकलेली माणसे ‘आपले पैसे सुटले की निघू’ म्हणून बसलेली असतात. हे खोटे नाही. फक्त ते कंपनीविषयीचे ज्ञान नसून माणसांविषयीचे आहे. शिवाय आलेखात एक समता आहे. एके काळी अनेक बाजारांत हत्त्याची पद्धत होती. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत असे. पुढे बाजार समित्यांचे कायदे आले, उघड लिलाव आले. आज भाव सर्वांना एकाच क्षणी दिसतो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

दोन्ही विद्या फसतात, आणि दोघींच्या फसण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. ताळेबंद फसतो तो लिहिणारा खोटे लिहितो तेव्हा. नांदेडहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. त्या हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कळवले की पुस्तकांत दाखवलेली ५,००० कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नाही. आदल्या वर्षीच त्या कंपनीला उत्तम कारभाराबद्दल पारितोषिक मिळाले होते. त्या एका दिवसात शेअरचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाव उडाला. दाताखाली दाणा धरला खरा, पण दाणाच मातीचा होता.

आलेख फसतो तो मात्र कोणीही खोटे न बोलता. याचा दाखला आमच्या तुरीने दिला. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. लातूर, नांदेड, सगळीकडे शेतकऱ्यांनी तो भाव वाचला, आणि वाचायला त्यात अवघड काय होते? पुढच्या खरिपात जो तो तुरीकडे वळला. पाऊसही चांगला झाला आणि देशातले उत्पादन सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांवर गेले. २०१७च्या सुरुवातीस हमीभाव बोनससह ५,०५० रुपये असताना बाजार त्याच्या खाली, खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा, आणि बारदाना संपला म्हणून तीही खरेदी मधूनमधून बंद. पंचांगात मृगाचे वाहन म्हैस आहे हे लाख लोकांनी वाचले तरी पावसात काही फरक पडत नाही. भावाची खूण लाख लोकांनी वाचली की ती खूणच बदलते.

मग या विद्यांना काही अर्थ आहे की नाही? १९२९च्या पडझडीनंतर आल्फ्रेड कौल्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने बाजाराचे भविष्य सांगणाऱ्या संस्थांच्या शिफारशी वर्षानुवर्षे तपासून १९३३ साली निष्कर्ष छापला. त्यांना भविष्य कळते याचा पुरावा त्याला मिळाला नाही. आलेखवाल्यांतही नाही आणि धंदा बघणाऱ्यांतही नाही. आपल्याकडे सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या १ कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. यांतल्या बहुतेकांपाशी कुठली ना कुठली पद्धत असणारच.

हे आकडे वाचून मी कितीतरी दिवस असे समजत होतो की प्रश्न मिटला. तो मिटत नाही हे मला आक्कांमुळे कळले. आक्का म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण, साडूंची पत्नी. चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. निवृत्तीच्या रकमेतली थोडी साडूंनी मागून घेतली. एका शेअरचा आलेख जमून आला आहे, तीन दिवसांचे काम, चौथ्या दिवशी पैसे परत, असे बोलणे होते. दुसऱ्याच दिवशी भाव पडला. इतका पडला तर विकायचे, असा आकडा साडूंनी आधी ठरवलेला होता. शेअर त्याच्या खाली गेला, आणि साडूंनी विकला नाही. त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा त्या कंपनीचा ताळेबंद उघडला! कर्ज कमी होते, कारखाना नवा होता, मालक सचोटीचे होते. आठवड्याभरात साडू फंडामेंटलवाले झाले. ‘कंपनी चांगली आहे, राहू दे चार वर्षं,’ असे ते सांगू लागले.

तीन वर्षे झाली. मागच्या दिवाळीत फराळाचे ताट माझ्यापुढे ठेवताना आक्का अगदी सहज म्हणाल्या, ‘भाऊजी, तीन दिवसांसाठी आलेला पाहुणा तीन वर्षं राहिला, तर त्याला पाहुणाच म्हणायचं का हो?’

साडूंनी चकली मोडली आणि ते बाहेर फटाक्यांकडे बघू लागले.

मला वाटते, या साऱ्या विषयातला नीतीचा प्रश्न आक्कांच्या त्या वाक्यात आहे. कोणत्या विद्येने शेअर निवडावा हा हिशेबाचा प्रश्न आहे. पण एका कारणाने केलेली गोष्ट दुसऱ्या कारणाने राखणे, हा हिशेबाचा नाही. आलेखाचे कारण आलेख मोडला की मेले. ताळेबंदाचे कारण धंदा बिघडला की मेले. मेलेल्या कारणाच्या जागी आपण घाईने दुसरे आणून बसवतो आणि त्याला जुन्याचेच नाव देतो, तेव्हा आपण ते शोधलेले नसते, शिवून घेतलेले असते. तोटा कबूल करायचा नाही एवढेच त्याचे माप. आणि हे सारे आपल्या आत घडते, जिथे साक्षीला कोणी नसते. असलीच तर बायको असते.

यावर कोणी म्हणेल, माणसाने मत बदलूच नये का? बदलावे, जरूर बदलावे. नवी माहिती आली तर शहाणा माणूस कारणही बदलतो. पण साडूंच्या बाबतीत त्या आठवड्यात नवीन काय घडले होते? कारखाना आधीही नवाच होता. मामांपाशी याची एक साधी कसोटी आहे: हा शेअर आज आपल्यापाशी नाही, तेवढी रोकड हातात आहे, असे समजा, आज, याच भावाला, आपण तो घेऊ का? घेऊ म्हणालात तर ठेवा. साडूंना मी हे विचारले. ते म्हणाले, तो प्रश्नच वेगळा आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला अधिक जड वाटते. आक्कांनी साडूंना नुसते पैसे दिले नव्हते. त्यांनी एका कारणाला होकार दिला होता. कारण बदलले तेव्हा त्यांचा होकार संपला, आणि ते त्यांना कोणी सांगितले नाही. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न आठवा. खेळ बरा की वाईट, असे तिने विचारलेच नाही. तिने क्रम विचारला: आधी कोणाला हरलात, स्वतःला की मला? सारी सभा या तपशिलापाशी अडखळली, भीष्मांनाही उत्तर देता आले नाही. पण पणाला लागलेल्या माणसाला क्रम हा तपशील नसतो.

हे शेअरवाल्यांचेच दुखणे असते तर मी इतके लिहिले नसते. २०२१च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले. त्याच महिन्यात सरकारने सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. पुढे नवी आवक सुरू झाली आणि दिवाळीच्या आधीच भाव पाच-सहा हजारांवर आला. डिसेंबरात सोयाबीनचे वायदेही बंद झाले आणि बंदीची मुदत वाढत गेली. त्या साली अनेकांनी माल घरात ठेवला. ठेवताना कारण होते: आवक ओसरली की भाव सुधारेल. ते कारण चांगलेच होते, पण ते एका हंगामाचे होते. पुढच्या हंगामात त्याच पोत्यांना दुसरे कारण मिळाले, त्याच्या पुढच्याला तिसरे. २०२४च्या खरिपात हमीभाव ४,८९२ असताना बाजार चार-साडेचार हजारांत होता, आणि तरीही जुना माल राखून बसलेली घरे मी पाहिली आहेत. दाण्याचा रंग उतरलेला, वजनात घट आलेली. दहा हजार ही आता किंमत राहिलेली नाही, ती आठवण झाली आहे. मात्र या शेतकऱ्याला आणि साडूंना एका पारड्यात घालायला माझे मन घेत नाही. शेतकऱ्याने तो भाव घामाने कमावलेला असतो, आणि वर्षानुवर्षे फसवला गेलेला माणूस एका चांगल्या वर्षाला धरून बसला तर त्याला हट्टी म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही.

मामांचे काय, असे विचाराल. मामा प्रत्येक खरेदीचे कारण एका शंभर पानी वहीत आधी लिहितात, दोन ओळींत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या एका कंपनीच्या लेखापरीक्षकांनी मध्येच राजीनामा दिला. मामांच्या वहीत लिहिलेले होते, ‘हिशेब स्वच्छ.’ त्यांनी दुसऱ्या दिवशी मिळेल त्या भावाला सगळे शेअर विकले, मोठ्या तोट्यात. वर्षभराने ती कंपनी सावरली आणि भाव होता तिथे परत आला! म्हणजे ज्यांनी मामांसारखे केले नाही ते सुखी झाले. साडूंना ही गोष्ट फार आवडते. प्रत्येक लग्नात ते ती एकदा तरी सांगतात. मी मामांना विचारले, वाईट नाही वाटले? ‘वाटलं की,’ मामा म्हणाले. ‘पण तो नफा मला झाला असता तर तो कशाचा म्हणून मी वहीत लिहिला असता?’

हे उत्तर मला अजूनही पुरते पचलेले नाही. खरेपणाचे बक्षीस बाजार देत नाही, एवढेच यावरून दिसते. आणि बाजाराने ते द्यावे अशी अट घातली की आपण पुन्हा फाशांकडे वळतो. साडूंनी तो शेअर विकलेला नाही. आक्का पुन्हा विचारीत नाहीत, आणि त्या न विचारण्याचाच साडूंना अधिक त्रास होतो, असे मला दिसते.

मामांच्या शेजारच्या खोलीत सध्या अहमदपूरकडच्या एक बाई मुलीला घेऊन राहतात. लातुरात अशा आया पुष्कळ. मुलगी वैद्यकीय प्रवेशाच्या क्लासला, आई स्वयंपाकाला आणि सोबतीला. मी गेलो त्या आठवड्यात त्यांच्या घरचे सोयाबीन विकले गेले, हमीभावाच्या बऱ्याच खाली. मामांनी राहवेना म्हणून विचारले, ‘अगं, महिनाभर थांबला असता तर?’

‘भाव कवा वाढंल ते भावालाच ठावं, आबा,’ बाई म्हणाल्या. ‘क्लासचा हप्ता पंधरा तारखेला हाय.’

‘सगळं विकलं?’

‘दोन पोती बियाला ठिवली. ती न्हाई इकायची.’

मामांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. मग म्हणाले, ‘एकावर एक रचू नका हो ती. सोयाबीनचं साल नाजूक असतं, उगवण जाते.’

‘फळीवर मांडल्यात, येगयेगळी,’ त्या म्हणाल्या आणि मुलीचा डबा भरायला आत गेल्या.